दीड पानाचा सीन, दहा बाय बाराची खोली: शॉट ठरवायचे कसे

माझ्या पहिल्या शॉर्टफिल्मच्या शॉटलिस्टमध्ये ४३ शॉट होते. लालबागमधली एक खोली, भांडणाऱ्या दोन बहिणी आणि डिसेंबरातला एक रविवार. सहाच्या सुमारास उजेड गेला तेव्हा आमचा एकोणिसावा शॉट चालू होता. बाकीचे चोवीस कागदावरच राहिले. पण खरी गंमत एडिटला बसल्यावर कळली. दोन्ही बहिणी पडद्यावर उजवीकडेच बघत होत्या. त्या एकमेकींशी भांडतायत असं वाटेचना. दोघी मिळून कोपऱ्यातल्या फ्रिजला झापतायत असंच दिसत होतं.

मी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली नाही. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी शूट करते, आणि त्यानंतर तीन फिल्म पूर्ण केल्यात. हा लेख अशांसाठी आहे, ज्यांच्याकडे एक साधा कॅमेरा किंवा बरा फोन, चार मित्र आणि कुणाच्या तरी मावशीची खोली एवढंच भांडवल आहे. सोयीसाठी शेवटपर्यंत एकच सीन धरते.

१. कॅमेरा कपाटात ठेवा आणि सीन वाचा

सीन असा. गिरगावातली चाळ, सकाळची वेळ. आई दारापासून थोडी आत, जमिनीवर बसून तांदूळ निवडतेय. विरारला राहायला गेलेला मुलगा येतो, कॉटवर टेकतो. पिशवीतून पुनर्विकासाचं संमतीपत्र काढतो. मजल्यावर एकट्या हिचीच सही राहिली आहे.

'आई, तेवढी सही करून टाक.'
'आधी चहा घे.'
'पेन आणलंय मी.'
'चष्मा कुठे ठेवलाय बघ जरा.'

तो उठत नाही. कागद तिच्यापुढे सरकवतो. ती तांदळाचं सूप उचलते, त्या कागदावर ठेवते आणि चहा टाकायला उठते.

दीड पान. एका पानाचं साधारण एक मिनिट होतं असा ढोबळ हिशेब असतो, पण असल्या सीनमध्ये माणसं गप्प बसतात त्याचीही भर पडते. दोन मिनिटं धरा.

आता पेन्सिल घ्या आणि सीनमध्ये जिथे काहीतरी बदलतं तिथे आडवी रेघ मारा. संवाद बदलला म्हणून रेघ नाही. दोघांमधलं काहीतरी बदललं तरच. या सीनमध्ये मला तीनच रेघा सापडल्या. कागद पिशवीतून बाहेर येतो ती पहिली. 'पेन आणलंय मी' ही दुसरी, कारण हा तयारीनिशी आलाय हे आईला तिथे कळतं. सूप कागदावर बसतं ती तिसरी. रेघ असेल तिथे चित्रात काहीतरी बदलायला हवं: आपण जवळ जाऊ, बाजू बदलू, नाहीतर दुसऱ्याच माणसाकडे बघू. रेघ नसेल तिथे कॅमेरा गपगुमान बसू द्या. लालबागच्या फिल्मचे ४३ शॉट झाले ते प्रत्येक वाक्याला एक शॉट दिल्यामुळे.

दुसरा प्रश्न, सीन कोणाचा आहे? मी आधी बेधडक 'आईचा' म्हटलं होतं, कारण शेवटची कृती तिची. तालमीत लक्षात आलं की आईचं सगळं आधीच ठरलेलं आहे. हळूहळू कळत जातं ते मुलाला. म्हणजे आई बोलत असतानाही आपल्याला बघायचाय तो त्याचा चेहरा. एवढं ठरल्यावर आईचे चार शॉट आपोआप गळाले.

२. खोली टेपने मोजा

'दहा बाय बारा आहे' यावर विश्वास ठेवू नका. त्यात कपाट, कॉट, मोरीचा कठडा, स्टीलची मांडणी हे सगळं असतं आणि उरलेल्या जागेत तुम्ही, ट्रायपॉड, नट आणि माइक धरणारा मित्र. रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला, जाताना मोजायची टेप, चौकटीचा कागद आणि फोनमधलं होकायंत्र न्या. खोली वरून दिसते तशी कागदावर काढा. एक फुटाला दोन चौकोन हे प्रमाण मला सोयीचं पडतं. फर्निचर मोजून काढा. दार कुठल्या बाजूला उघडतं तेही दाखवा. आतल्या बाजूला उघडणारं दार ट्रायपॉडची जागा खातं.

आम्ही शूट केलं ती मावशींची खोली अशी होती. दार आणि खिडकी पश्चिमेला, गॅलरीत. आत शिरलं की डाव्या भिंतीला कॉट, उजव्या भिंतीला मांडणी, समोर मागच्या भिंतीशी ओटा आणि मोरी. आईची जागा मांडणीपाशी, दारापासून चारेक फूट आत.

शूट ज्या वेळी करणार त्याच वेळी रेकी करा. रविवारी सकाळी शूट असेल तर बुधवारी संध्याकाळी खोली बघून काही उपयोग नाही. चाळीचं स्वतःचं वेळापत्रक असतं: पाणी कधी येतं, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या कधी वाजतात, मुलं गॅलरीत क्रिकेट कधी खेळतात. एका जागी अर्धा तास काही न बोलता बसा आणि आवाजांची वेळ लिहून काढा. कबुतरांवर इलाज नाही.

मीटर आणि प्लगही बघून ठेवा. जुन्या वायरिंगवर मोठा दिवा लावून अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडवलेला एक मित्र माझ्या ओळखीचा आहे. त्याला त्या चाळीत पुन्हा चहा मिळालेला नाही.

३. रेष कुठे, आणि तुम्ही तिच्या कुठल्या बाजूला

फ्रिजला झापणाऱ्या बहिणींचं कारण हेच. दोन माणसं बोलत असतील तर त्यांना जोडणारी एक रेष नकाशावर काढा. कॅमेरा रेषेच्या एकाच बाजूला राहिला तर आई कायम एकीकडे बघेल आणि मुलगा तिच्या उलट दिशेला. रेष ओलांडली की दोघांपैकी एकाची नजर पलटते आणि दोघं एकाच दिशेला बघू लागतात. एका बाजूला अर्धं वर्तुळ मिळतं, म्हणून याला १८० अंशांचा नियम म्हणतात.

हे सगळीकडे लिहिलेलं सापडेल. रेषेची कुठली बाजू निवडायची, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. ते उजेडाने ठरतं.

आमच्या खोलीत उजेड एकाच बाजूने, म्हणजे दारातून. आई उजव्या भिंतीशी, मुलगा डाव्या. म्हणजे रेष खोलीला आडवी. कॅमेरा दाराच्या बाजूला ठेवला तर उजेड कॅमेऱ्याच्या पाठीमागून येतो, चेहऱ्यावर सरळ आदळतो आणि चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा सपाट होतो. कॅमेरा आत, ओट्याच्या बाजूला नेला की तोच उजेड चेहऱ्याच्या पलीकडच्या गालावर पडतो आणि आपल्याकडची बाजू थोडी अंधारात राहते. नाक, गाल, कपाळावरच्या आठ्या, सगळ्याला आकार येतो. पैसा एक लागत नाही. म्हणून संवादाचे सगळे शॉट मी ओट्याच्या बाजूने घेतले. तिथून आई फ्रेमच्या डावीकडे, उजवीकडे बघणारी. मुलगा उजवीकडे, डावीकडे बघणारा. नकाशावर हे दोन बाण लाल पेनाने काढले आणि तो कागद ओट्याच्या वर चिकटवला.

त्रास एवढाच, की पाठीमागे दार येतं आणि दाराबाहेरची गॅलरी पांढरीफटक पडते. आम्ही दाराला मावशींची पांढरी वॉयलची साडी दुहेरी करून लावली. उजेड आत येत राहिला, गॅलरीचा भगभगीतपणा गेला. साडी वाऱ्याने हलते ते फ्रेममध्ये छानच दिसतं, पण शॉटच्या मध्येच हलायची थांबली तर कटला जुळत नाही. खाली दोन चिमटे लावा.

रेष कायमची नसते. मुलगा आत येऊन कॉटवर बसेपर्यंत ती जन्मलेलीच नाही, आणि आई चहाला उठली की ती मोडते. म्हणून पहिला आणि शेवटचा शॉट मी बिनधास्त गॅलरीतून घेतला.

४. शॉटची यादी

शब्द आधी सांगून टाकते. वाइड म्हणजे जागा आणि माणसं मिळून. मिड म्हणजे कमरेपासून वर. क्लोज म्हणजे चेहरा. इन्सर्ट म्हणजे वस्तू किंवा हात. मास्टर म्हणजे अख्खा सीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जागेवरून. एकाच्या खांद्यावरून दुसरा दिसतो त्याला सेटवर 'सजेशन' म्हणतात, कारण पुढच्या माणसाची नुसती सूचना असते. आमची यादी:

शॉट १: गॅलरीतून, दाराच्या चौकटीतून वाइड. आई आत तांदूळ निवडतेय. मुलगा कॅमेऱ्याच्या बाजूने आत शिरतो. त्याच्या पाठीने क्षणभर फ्रेम झाकली जाते.
शॉट २: ओट्याच्या बाजूने मास्टर, दोघं, पूर्ण सीन.
शॉट ३: मुलाचा मिड, आईच्या खांद्याचं सजेशन.
शॉट ४: आईचा मिड, मुलाचं सजेशन.
शॉट ५: मुलाचा क्लोज, 'पेन आणलंय मी'पासून शेवटपर्यंत.
शॉट ६: आईचा क्लोज, फक्त 'चष्मा कुठे ठेवलाय' इतकाच.
शॉट ७: इन्सर्ट, जमिनीवरून सरकत येणारा कागद आणि त्यावर बसणारं सूप. कट नाही.
शॉट ८: गॅलरीतून, शॉट १ चीच जागा. पुढे जमिनीवर सूप, मध्ये कॉटवर मुलगा, मागे ओट्यापाशी पाठमोरी आई गॅस पेटवतेय.

आठच. प्रत्येक शॉटपुढे तो का आहे ते एका वाक्यात लिहा. 'छान दिसेल' हे कारण मान्य करू नका. माझ्या मूळ यादीत छताच्या पंख्यावरून खाली बघणारा एक शॉट होता. कारणाच्या रकान्यात काही लिहिता येईना, तो काढला. (पंखा आवाजासाठी बंदच होता म्हणा.)

एक सापळा: शॉट ३ आणि ५ एकाच माणसाचे. एकातून दुसऱ्यावर कट मारताना कॅमेरा जेमतेम सरकलेला असेल तर चित्र अडखळल्यासारखं, उडी मारल्यासारखं दिसतं. एकतर कोन निदान ३० अंशांनी बदला किंवा आकारात ठळक फरक ठेवा. 'थोडंसं जवळ' हा सगळ्यात वाईट पर्याय.

५. फ्रेममध्ये काय असेल आणि काय नसेल

इथे जास्त वेळ घालवा. आम्ही घालवला तरीही चुकलो.

आधी उंची. आई जमिनीवर बसलीय. तिच्या डोळ्यांची पातळी साधारण अडीच फूट. मुलगा कॉटवर, त्याची चार फूट. कॅमेरा नेहमीच्या सवयीने पाच फुटांवर ठेवलात तर दोघंही बिचारी दिसतील, आणि आई तर अगदीच. आपल्या सीनमध्ये ती बिचारी नाही, शेवटी जिंकते तीच. म्हणून तिचा शॉट तिच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा चार बोटं खालून. सजेशनची मजा इथेच आली: मुलगा उंचावर बसलेला, त्यामुळे आईच्या मिडमध्ये पुढे त्याचा खांदा येईचना, आला तो गुडघा आणि त्यावर ठेवलेली संमतीपत्राची पिशवी. खांद्यापेक्षा ते सरस निघालं. साधे ट्रायपॉड इतके खाली जात नाहीत; आम्ही पाट ठेवला, त्यावर तांदळाची दोन किलोची पिशवी, तिच्यात खळगा करून कॅमेरा.

डोक्यावर जागा किती सोडायची? मिडमध्ये थोडी, क्लोजमध्ये जवळजवळ नाही. डोकं वरून किंचित कापलं तरी चालतं, हनुवटी मात्र कापू नका. माणूस ज्या दिशेला बघतो त्या बाजूला मोकळी जागा सोडा. ती मुद्दाम उलटी करता येते: शॉट ५ मध्ये मी मुलाला फ्रेमच्या डाव्या कडेला, नाकासमोर जागाच न ठेवता अडकवला. त्या वेळेपर्यंत त्याची कोंडी झालेली असते. मिडमध्येही असंच केलं असतं तर क्लोजला काही उरलं नसतं.

खोलीत वस्तू खूप असतात आणि प्रत्येक वस्तू बोलते. कॅलेंडर, गणपतीचा फोटो, वडिलांची हार घातलेली तसबीर, मीटरची पेटी, लटकलेल्या पिशव्या. काय ठेवायचं ते ठरवा. वडिलांची तसबीर आईच्या डोक्यामागे नीट बसली तर संवादाची दोन वाक्यं वाचतात. पण तिचीच चौकट आईच्या डोक्यातून शिंगासारखी उगवली तर सीन गेला. कॅमेरा चार इंच सरकवा, नाहीतर तसबीर सरकवा. सेटवर याला 'चीट करणं' म्हणतात: वस्तू खऱ्या जागेवरून थोडी हलवायची, कॅमेऱ्याला कळत नाही. मात्र मास्टरमध्ये दिसलेली वस्तू क्लोजमध्ये दोन फूट सरकली तर कळतं.

आणि आमची चूक. मांडणीवरचे स्टीलचे डबे. मावशींनी पाहुणे येणार म्हणून आदल्या रात्री घासून लख्ख केले होते. आईच्या पाच टेकमध्ये, तिच्या कानामागच्या डाळीच्या डब्यात, आमच्या साउंडवाल्याचा लाल टी-शर्ट हलताना दिसतोय. मॉनिटर म्हणून फोन वापरत होतो, त्यावर कुणाच्या नजरेत आलं नाही. तेव्हापासून युनिटने काळे किंवा गडद कपडे घालायचे हा नियम, आणि तसबिरींच्या काचा किंचित खाली झुकवायच्या, मागे कागदाची घडी खुपसून.

फ्रेमचं प्रमाणही आधीच ठरवा, एडिटला नाही. रुंद पट्टी लावली की सिनेमासारखं वाटतं हे खरं, पण चाळीची खोली आणि तिचं दार उभं आहे. मी १६:९ वरच राहिले.

६. लेन्स: दुकानात जाण्याआधी गणित करा

सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपची) रुंदी भागिले लेन्सचे मिलिमीटर, गुणिले अंतर. म्हणजे तेवढ्या अंतरावर किती रुंदी फ्रेममध्ये मावेल ते निघतं. एपीएस-सी, म्हणजे मधल्या आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो. ओट्याला टेकून कॅमेरा ठेवल्यावर आईपर्यंत मला ७ फूट मिळत होते. त्या अंतरावर १८ मिमी लेन्स सुमारे ९ फूट दाखवते, २४ मिमी सुमारे ७, ३५ मिमी पावणेपाच आणि ५० मिमी सव्वातीन. दोघांत सहा फुटांचं अंतर, म्हणजे मास्टर १८ वर, मिड ३५ वर, क्लोज ५० वर आणि कॅमेरा थोडा पुढे. ८५ मिमी भाड्याने आणली असती तर ती दिवसभर पिशवीतच राहिली असती. लालबागला राहिली होती.

फोनवर शूट करत असाल तर मुख्य लेन्स वाइडच असते. क्लोजसाठी तीच घेऊन नाकापर्यंत जाऊ नका, नाक मोठं आणि कान लहान दिसतात. टेली, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर मिडवर भागवा. काही कॅमेरे फोर-के व्हिडिओला कडा कापतात, मग वरचं गणित बिघडतं. ते आधी तपासून घ्या.

७. ट्यूबलाइट, शटर आणि ऊन

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) १/५० सेकंद ठेवा, पट्टे येणार नाहीत. १/६० वर येतात. परदेशी व्हिडिओंमधून ३० फ्रेम आणि १/६० शिकून येणारे इथेच फसतात. स्वस्त एलईडी बल्ब याहून बेभरवशाचे. प्रत्येकाखाली दहा सेकंद रेकॉर्ड करून बघा. व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) आणि एक्सपोजर (किती उजेड घ्यायचा ते) ऑटोवर ठेवू नका, नाहीतर मुलगा आत शिरला की सगळी खोली उजळेल किंवा मावळेल.

उन्हाचं असं. पश्चिमेच्या दारातून सकाळी थेट ऊन येत नाही, आकाशाचा मऊ, सारखा उजेड येतो आणि तासन्‌तास टिकतो. दुपारी तीनच्या पुढे उन्हाचा तुकडा आत येऊन फरशीवर सरकायला लागतो. पहिल्या टेकला आईच्या पायाशी, पाचव्याला सुपात. म्हणून संवाद नऊ ते एकमध्ये संपवला. पूर्वेचं दार असेल तर सगळं उलटं करा. गॅलरीत किंवा रस्त्यावर शूट असेल तर दुपार टाळाच. मेच्या मध्याला मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या आसपास, जूनअखेर सव्वासातच्या पुढे. हा सवा तास शेड्यूलमध्ये धरा.

८. आधी फोनवर, मग सेटवर. आणि गोष्टीच्या क्रमाने नाही

चित्रं काढता येत नाहीत म्हणून स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटची चित्रं क्रमाने मांडणं, सोडू नका. शूटच्या आधी दोन मित्रांना त्या खोलीत बसवा, फोनने आठही शॉटचे फोटो काढा आणि क्रमाने लावून सरकवत बघा. बहिणींचा घोटाळा तेव्हा असं केलं असतं तर पाच मिनिटांत कळला असता.

शूटचा क्रम कॅमेऱ्याच्या जागेप्रमाणे लावा. आम्ही २, मग ३ आणि ५ (दोन्ही मुलाचे, लाइट तोच), मग ४, ६, मग ७, आणि शेवटी गॅलरीत जाऊन १ आणि ८ असं घेतलं. मास्टर आधी घ्या, त्याने नटांचं बसणं-उठणं पक्कं होतं. ज्याचा सीन आहे त्याचा क्लोज ताज्या दमाने, जेवणाआधी. कॅमेरा एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला मी अर्धा तास धरते. पंधरा मिनिटं म्हणणारा कधी चाळीत शूट करून आलेला नसतो.

कंटिन्युइटीसाठी, म्हणजे शॉट एकमेकांना जुळावेत म्हणून, कॅमेऱ्याच्या प्रत्येक जागेनंतर फोटो. सुपात तांदूळ किती, चाळलेला ढीग कुठल्या बाजूला, पेन कुठल्या हातात. आम्ही दोन वाट्या तांदूळ मोजून वेगळे ठेवले होते आणि प्रत्येक टेकआधी पुन्हा ओतायचो.

फ्रिज बंद केलात तर आपल्या घराची किल्ली त्यात ठेवा. ती घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज चालू करायचं विसरत नाही. मावशींचं दूध नासलं नाही ते या एका युक्तीमुळे.

९. कागदपत्रं आणि सामान

खोलीच्या मालकाचं लेखी संमतीपत्र, तारीख आणि वेळेसकट. चाळ कमिटी किंवा सोसायटीचं पत्र. तोंडी 'हो हो, करा' म्हणणारे काका शूटच्या दिवशी गावाला जातात. नटांचं, बालकलाकार असेल तर पालकांचं, सहीचं संमतीपत्र. सामान भाड्याने घ्यायला ओळखपत्राच्या प्रती आणि डिपॉझिट.

खोलीबाहेर, म्हणजे रस्त्यावर, चौपाटीवर, बागेत ट्रायपॉड लावायचा असेल तर परवानगी लागते. राज्यात त्यासाठी एक खिडकी योजना आहे. ती गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतलं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ चालवतं. स्टेशन आणि लोकल रेल्वेच्या हद्दीत येतात, तिथे रेल्वेचीच वेगळी परवानगी. 'फोनवर पटकन काढू' म्हणून फलाटावर नटाला उभं करू नका. आपल्या सीनला खोलीच पुरते. मुलगा विरारहून आला हे दाखवायला लोकल लागत नाही, मानेवर घामाने ओला झालेला रुमाल लागतो.

पिशवीत: टेप, नकाशाच्या तीन प्रती, रंगीत चिकटपट्टी (नटांच्या जागा जमिनीवर खुणावायला), कपडे वाळत घालायचे चिमटे, थर्माकोलची एक पांढरी आणि एक काळी रंगवलेली शीट, पाट, एक्स्टेन्शन बोर्ड, जादा बॅटरी आणि कार्ड, काळं कापड. थर्माकोलची पांढरी बाजू अंधाऱ्या गालावर थोडा उजेड परतवते. काळी बाजू नको तो उजेड खाते. लोहार चाळीत विजेचं सामान आणि फोर्टात सीएसएमटीच्या आसपास कॅमेऱ्याची दुकानं आहेत, पण ऐन शूटच्या सकाळी तिकडे धावायची वेळ आणू नका.

आणि पॅकअप म्हणण्याआधी दोन कामं. सगळ्यांना तीस सेकंद गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. एडिटमध्ये दोन शॉटच्या सांध्यात तोच भरायचा असतो. मग रेकीचे फोटो उघडा आणि कॉट, तसबीर, कॅलेंडर, डबे होते तसे लावा. आम्ही डाळीचा डबा एक घर चुकवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मावशींचा फोन आला.